तपासणीच्या कागदावर मी सही करू का?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. बालगृहांची तपासणी करणाऱ्या जिल्हा समितीवर नुकतंच माझं नाव लागलं. पहिलीच भेट आमच्या तालुक्यातल्या बालगृहाला होती. आम्ही येणार हे त्यांना दोन दिवस आधी कळलं होतं. मुलं रांगेत उभी, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग कार्यालयात पोहे आणि चहा. रजिस्टरं टेबलावर मांडून ठेवलेली. छापील फॉर्म आधीच भरलेला: आहार चांगला, स्वच्छता चांगली, मुले आनंदी. मुलांशी बोलायचंय म्हटल्यावर अधीक्षकांनी चार मुलांना कार्यालयात बोलावलं. चौघांचं उत्तर एकच होतं. निघताना मी मागच्या खोलीत डोकावले. पटावर ४६ मुलं होती, गाद्या मोजल्या तर २९. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती.

बाकीच्यांनी सह्या केल्या. मी "घरी नीट वाचून देते" म्हणून कागद घेऊन आले.

तेव्हापासून रोज फोन येतात. संस्थाचालक आमच्या घरोब्यातले आहेत. आमचे हे म्हणतात, या वयात कशाला वैर ओढवून घेतेस? समितीतले एक जण म्हणाले, "बाई, तुम्ही लिहाल, संस्था बंद पडेल आणि ही पोरं रस्त्यावर येतील. मग?" त्या 'मग'नं माझी झोप उडाली आहे. शिवाय १४ नोव्हेंबरला त्यांच्या बालदिनाच्या कार्यक्रमाला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंय. मी काय करू?

— एक निवृत्त बाई

उत्तर

बाई, नमस्कार.

त्या कागदावर सही करू नका. दुसऱ्यानं भरलेल्या, तुम्ही न पाहिलेल्या गोष्टी 'पाहिल्या' म्हणणाऱ्या फॉर्मवर तर मुळीच नाही. तुम्ही कागद घेऊन घरी आलात हे फार चांगलं केलंत. आता तो कोरा मागून घ्या आणि स्वतःच्या हातानं भरा.

आधी तुमचा अधिकार काय आहे ते सांगते, कारण तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्हाला कोणी तो नीट समजावूनच सांगितलेला नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याच्या कलम ५४ नुसार तुमची समिती नेमलेली आहे. जिल्ह्यातल्या मुलांच्या प्रत्येक निवासी संस्थेला तीन महिन्यांतून निदान एकदा भेट द्यायची. भेटीला कमीत कमी तीन सदस्य हवेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असायलाच हवा. भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा, आणि त्यावर महिन्याभरात कारवाई व्हायला हवी. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. तेव्हापासून हा अहवाल थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि कारवाईची जबाबदारीही त्यांची आहे. तुमच्या त्या भेटीला डॉक्टर हजर होते का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही. नसतील, तर अहवालातली पहिली ओळ तीच लिहा.

म्हणजे तुम्ही तिथे पाहुण्या म्हणून गेला नव्हता, संस्थेच्या हितचिंतक म्हणूनही नाही. आईबाप जवळ नसलेल्या मुलांच्या वतीनं कायद्यानं जे काही मोजके लोक त्या दारातून आत पाठवले आहेत, त्यांतल्या तुम्ही एक. मुलाला संस्थेत ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणारी बाल कल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे, हे सगळं खरं. पण तिन्हीसांजेनंतर त्या खोलीत काय घडतं हे त्यांच्यापर्यंत पोचतं ते तपासणीला गेलेल्या माणसाच्या अहवालातून. तो अहवालच खोटा असला तर वरच्या साऱ्या यंत्रणेला काहीच दिसत नाही.

याचा दाखला बिहारमधला आहे, पण त्याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटानं बिहार सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या शंभराहून अधिक निवारागृहांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे तिथे राहणाऱ्यांशी बोलून केलेली तपासणी, केलं. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं त्यांच्या अहवालातून उजेडात आलं. पुढे गुन्हा दाखल झाला, सीबीआयनं तपास केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं मुख्य आरोपीला आजन्म कारावासाची शिक्षा दिली. त्या गृहाला सरकारी अनुदान होतं, भेटी होत होत्या, नोंदवह्या भरलेल्या होत्या. कोशिशच्या मंडळींनी वेगळं काय केलं? ती मुलींजवळ बसली, त्यांना वेळ दिला आणि जे ऐकलं ते लिहून सरकारला दिलं. तुमच्या बालगृहात तसं काही चाललंय असा संशय मी अजिबात घेत नाही. काय चाललंय ते त्या भेटीत कोणाला कळण्याची सोयच नव्हती, एवढंच म्हणते.

आता ४६ आणि २९. बाई, तुम्ही २०११ सालची शाळांची पटपडताळणी पाहिलेली असणार. नांदेडला सुरुवात झाली आणि ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच वेळी मुलांच्या बोटांना शाई लावून शिरगणती केली तेव्हा कागदावरचे किती विद्यार्थी गळाले ते आपण सगळ्यांनी वाचलं. ती नजर तुमच्याकडे आहे, तीच इथे वापरा. पण निष्कर्षाची घाई करू नका. गाद्या कमी असण्याचं एक कारण असं की एका गादीवर दोन-दोन मुलं झोपतात. दुसरं असं की सतरा मुलं फक्त अनुदानाच्या यादीत आहेत. तिसरं, काही मुलं घरी गेलीत आणि त्यांच्या गाद्या आवरून ठेवल्यात. तिसरं खरं असेल तर त्या मुलांच्या रजेची बाल कल्याण समितीची परवानगी फाइलमध्ये सापडली पाहिजे. तिन्ही शक्यता वेगळ्या आहेत आणि तिन्ही तपासता येतात. ही मुलं ज्या शाळेत जातात तिथला हजेरीपट बघा. तिथले शिक्षक तुम्हाला कागद दाखवायला नाही म्हणणार नाहीत. संस्थेतल्या ताटल्या मोजा, दात घासायचे ब्रश मोजा. ब्रश हा फार खरं बोलणारा पुरावा आहे, कारण तपासणीसाठी नवे आणले तर ते कोरडे असतात.

पुन्हा भेट द्यायला लागेलच. बाल संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवा की पहिल्या भेटीत मुलांशी बोलणं झालेलं नाही, म्हणून समितीनं परत जावं, आणि या वेळी संस्थेला आगाऊ तारीख कळवू नये. पूर्वसूचना दिलीच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. वेळ निवडा सकाळी सहाची किंवा रात्रीच्या जेवणाची. अकरा वाजता गेलात तर मुलं शाळेत असतात आणि तुम्हाला फक्त इमारत दिसते.

आत गेल्यावर कार्यालयात बसू नका. आधी स्वयंपाकघर. सकाळी गेलात तर काल रात्री काय होतं ते वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळं विचारा. कोठीत किती तांदूळ, किती डाळ आहे आणि पटावरच्या मुलांना ती किती दिवस पुरेल, हा हिशेब तुम्ही शालेय पोषण आहारासाठी वर्षानुवर्षं केलेला आहे. मग न्हाणीघर आणि संडास. आतून कडी, रात्रीचा दिवा, पाणी, मुलींसाठी पॅड आणि ते टाकायची सोय. कडी नसलेलं दार ही किरकोळ दुरुस्तीची बाब समजून सोडू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलीला दार लावून आंघोळ करता येत नसेल तर त्या संस्थेत तिच्या सुरक्षिततेचा विचार कोणी केलेला नाही, हे त्या एका दारावरून कळतं. झोपायच्या जागेचं मोजमाप या कायद्याखालच्या नियमांतच दिलेलं आहे. पंचवीस मुलांसाठी एक हजार चौरस फुटांची शयनखोली, म्हणजे माणशी चाळीस चौरस फूट. टेप घेऊन जा आणि मोजा.

आणखी एक वस्तू शोधा: सूचनापेटी. नियमांप्रमाणे ती कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ लावायची असते. किल्ली संस्थेच्या अधीक्षकांकडे नसते, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते. पेटी दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायची असते. तुमच्या भेटीत ती दिसली का? बहुतेक ठिकाणी पेटी असते ती अधीक्षकांच्या टेबलामागच्या भिंतीवर, गंजलेलं कुलूप लावलेली. तिथे चिठ्ठी टाकायला कोणतं मूल जाईल? पेटी कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे, शेवटची कधी उघडली आणि त्यात काय निघालं, हे चार प्रश्न विचारलेत तर मुलांचं तिथे कोणी ऐकतं का याचा अंदाज येईल. सहा वर्षांवरच्या मुलांच्या समित्या असणंही कायद्यानं बंधनकारक आहे. त्या समितीत कोण आहे हे मुलांनाच विचारा. मुलांना ठाऊक नसेल तर ती समिती कागदावरची.

मुलांशी बोलणं हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि त्याला खरंच वेळ द्यावा लागतो. नियमांमध्येही स्पष्ट म्हटलंय की समितीनं भेटीत मुलांशी संवाद साधून त्यांचं क्षेमकुशल आणि म्हणणं जाणून घ्यायचं आहे. म्हणजे ही तुमची हौस म्हणून मागितलेली सवलत नाही, कर्तव्य आहे. अधीक्षक बाहेर राहतील असं नम्रपणे पण ठाम सांगा. खुर्ची नको, जमिनीवर बसा. रांग नको. "तुम्ही इथे आनंदी आहात का?" असं विचारलंत की "होय बाई" हेच उत्तर येणार. शाळेत निरीक्षक आल्यावर आपली मुलंही हेच करायची. रोजच्या जगण्यातलं विचारा. रात्री पोटात दुखलं तर कोणाला उठवता? घरी शेवटचा फोन कधी झाला? इथे कोणी चुकलं तर काय होतं? मोठी मुलं लहानांकडून काय कामं करून घेतात? कोणी पळून गेलं होतं का, आणि परत आल्यावर काय झालं? मुलाला मारहाण करणं हा बालगृहात गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरल्यास दंड, पुन्हा केल्यास कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याला नोकरीवरूनही काढता येतं. पण मूल 'मारतात' असं सांगत नाही. "काही होत नाही" म्हणताना ते दाराकडे बघतं, ते तुम्ही बघायचं.

एक काळजी मात्र घ्या. निवडक मुलांशी बोलून त्यांचीच वाक्यं अहवालात आली तर तुम्ही गेल्यावर त्या मुलांची चौकशी होते. म्हणून पुष्कळ मुलांशी बोला, साधारण सारखाच वेळ, आणि अहवालात कोणाचं नाव, वय, यत्ता, गाव असं काही लिहू नका ज्यावरून मूल ओळखता येईल. काही दिवसांत परत जाणार आहोत असं निघताना सगळ्यांसमोर सांगा, आणि खरंच जा. मुलांना याचा आधार वाटतो आणि मोठ्यांना अटकाव बसतो.

एखाद्या मुलानं लैंगिक छळाची गोष्ट सांगितलीच, तर इथे तुम्हाला निवड उरत नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या 'पॉक्सो' कायद्याप्रमाणे, गुन्हा घडल्याचं कळल्यावर किंवा घडण्याची शंका आल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा ठरतो. मुलाला "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तू सांगितलंस हे बरं केलंस, आता मदत करू शकतील अशा माणसांना मला सांगावं लागेल" इतकं पुरे. खोदून खोदून विचारू नका, तेच पुन्हा वदवून घेऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. अधीक्षकांना किंवा संस्थाचालकांना आधी सांगू नका. १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) ला फोन करा आणि बाल कल्याण समितीला कळवा.

आता तुमची झोप उडवणारा तो प्रश्न, संस्था बंद पडली तर मुलं कुठे जातील.

हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू मला माहीत नाही, पण त्यानं मांडलेलं चित्र चुकीचं आहे. अहवालात उणिवा लिहिल्या म्हणून दुसऱ्या दिवशी कुलूप लागत नाही. आधी खुलासा मागवतात, सुधारणेला मुदत देतात, पुन्हा तपासणी होते. नोंदणी रद्द करायची वेळ आलीच तर त्याची ठरलेली कार्यपद्धती आहे. कायद्याच्या कलम ४१ मध्ये असंही लिहिलंय की नोंदणी रद्द केली किंवा रोखली तर ती परत मिळेपर्यंत संस्था सरकारनं चालवायची. मुलांना दुसऱ्या संस्थेत किंवा घरी पाठवण्याचा निर्णय बाल कल्याण समिती एकेका मुलाचा विचार करून घेते. मुलं रस्त्यावर येतील ही भीती दाखवून माणसं गप्प बसवली जातात, आणि तोवर मूल कडी नसलेल्या न्हाणीघरात आंघोळ करत राहतं. मला याचा फार राग येतो, बाई. आधार नसलेल्या मुलानं मिळेल त्यात समाधान मानावं, हा विचार त्या वाक्यामागे आहे.

तरीही संस्थेची बाजू ऐकून घ्या, आणि मनापासून ऐका. मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांच्या घरची चौकशी करणारी अधिकारी, म्हणून नोकरी केली आहे. अनुदान महिनोन्महिने थकल्यावर किराणा दुकानदाराच्या उधारीवर मुलांना जेवू घालणारे अधीक्षक मी पाहिलेत. काळजीवाहकाची जागा रिकामी, समुपदेशक नाही, डॉक्टर ठरलेल्या दिवशी येत नाहीत, यात संस्थेचा दोष किती आणि सरकारचा किती? म्हणून तुमच्या अहवालात सरकारचं चुकतंय तेही लिहा. अनुदानाचा शेवटचा हप्ता कधी आला, किती पदं रिकामी आहेत, बाल कल्याण समितीच्या सदस्यांनी इथे शेवटची भेट कधी दिली. त्या समितीनंही महिन्यातून निदान दोन संस्थांना भेट द्यायची असते. देखरेख फक्त खालच्यांवर ठेवायची आणि वरच्यांना कोणी विचारायचं नाही, असं झालं की संस्थाही मग कागद रंगवायला शिकतात. अशा अहवालानं प्रामाणिक अधीक्षकाचा फायदाच होतो, थकलेलं अनुदान मागायला त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरचा कागद मिळतो.

यापुढचं मी लिहिते आहे ते तुम्ही विचारलेलं नाही. पण माझ्या मते तपासणीला गेलेल्या माणसानं सगळ्यात जास्त वेळ यावरच द्यावा.

मुलांच्या फाइली उघडा. दहा घ्या, कोणत्याही. प्रत्येकीत बाल कल्याण समितीचा आदेश हवा, घरी जाऊन केलेला सामाजिक चौकशी अहवाल हवा आणि त्या मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा हवा. तुम्ही इतकी वर्षं वह्या तपासल्यात, एकावरून दुसरी उतरवलेली कशी ओळखायची ते तुम्हाला मी काय सांगू! दहाही चौकशी अहवालांत "घरची परिस्थिती हलाखीची, आई मोलमजुरी करते, पालक सांभाळ करण्यास असमर्थ" हेच वाक्य असेल तर कोणी त्या घरांपर्यंत गेलेलं नाही.

आणि ते वाक्य खरं असेल, तर प्रश्न आणखी गंभीर आहे. मग ते मूल बालगृहात का आहे? कायदा सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, बाकीचे सगळे संपल्यावरचा. आपल्याकडे अनेक वर्षं उलटं चालत आलं. जूनमध्ये शाळा सुरू होताना गरीब घरची पोरं वसतिगृहासारखी बालगृहात भरती करायची, पट भरला की अनुदान मिळतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपुढे सहा महिने लेकरांना ठेवायचं कुठे हा खरा प्रश्न असतो, तिला बालगृह सांगितलं जातं. तिला हे सांगितलं जात नाही की लेकरू आजीजवळ किंवा मावशीजवळ राहिलं तर त्यासाठीही सरकारी मदत आहे.

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वासाठी, म्हणजे मूल कुटुंबातच राहावं म्हणून, महिन्याला ४,००० रुपये आहेत, त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. विधवा आई, सोडून दिलेली आई, तुरुंगात गेलेला किंवा अंथरुणाला खिळलेला बाप, अशा घरांसाठीच या योजना आहेत. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार खरी आहे, आणि तीही तपासणीतच लिहायची. पण दहा फाइलींतल्या सहा मुलांना आई असेल, तर त्या सहा आयांना या योजनेचा अर्ज कोणी दिला होता का, एवढं विचारा. त्या मुलांपैकी दोन जरी आईजवळ राहू शकली, तर तुमच्या त्या भेटीचं खरं काम झालं. मुलाला घरापासून तोडून त्याच्यावर दरमहा खर्च करायचा आणि तोच आधार आईला द्यायला कां-कूं करायची, हे मला कधीच पटलेलं नाही. उरलेल्यांचा प्रश्न वेगळा. ज्यांना घरच नाही किंवा घरातच मार आहे, त्यांना बालगृह लागणारच, आणि ते चांगलंच असायला हवं.

अहवाल लिहिताना 'ठीक', 'बरे', 'समाधानकारक' असले शेरे टाळा. आकडा लिहा, तारीख लिहा, जागा लिहा. "पटावर ४६, प्रत्यक्ष हजर इतकी, गाद्या २९. न्हाणीघराला आतून कडी नाही, आठ दिवसांत बसवून फोटो पाठवावा. पहिल्या भेटीत मुलांशी स्वतंत्र संवाद होऊ शकला नाही." असं लिहिलं की पुढच्या भेटीत कोणालाही ताडून बघता येतं. इतर सदस्यांचं मत वेगळं असलं तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. तुमचं भिन्न मत वेगळ्या कागदावर, सही-तारखेसह द्या आणि ते मूळ अहवालाला जोडायची मागणी करा. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. भरलेला तो जुना फॉर्म फेकून देऊ नका, त्याची झेरॉक्स काढून स्वतःजवळ ठेवा.

महिन्याभरात हालचाल झाली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना स्मरणपत्र, मग महिला व बाल विकास आयुक्तालय, पुणे, आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. आयोगाला अशा संस्था स्वतः तपासायचा अधिकार आहे. बाल कल्याण समितीच्याच कामाबद्दल तक्रार असेल तर तीही जिल्हाधिकाऱ्यांकडेच करायची, २०२१ च्या दुरुस्तीनं त्यांना तक्रार निवारण प्राधिकारी केलंय. वर्तमानपत्राकडे आधी जाऊ नका. छायाचित्रं छापून येतात, मुलांची ओळख उघड होते, आणि तोही कायद्यानं गुन्हा आहे.

घरोब्याचं काय करायचं? संस्थाचालकांना एकदा स्वतः फोन करा, तुमच्या यजमानांसमोरच. सांगा की जे पाहिलं ते लिहिणार आहे, त्यांच्या अडचणीही लिहिणार आहे, आणि अहवाल देईपर्यंत या विषयावर फोन करू नये. त्यांचं काम सरळ असेल तर ते रागावले तरी काही दिवसांनी निवळतील. दबाव वाढला, घरी माणसं यायला लागली, तर तारखांसह टिपून ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. यजमानांची काळजी मायेपोटी आहे, ती धुडकावू नका. त्यांना तुमच्याबरोबर आवक विभागापर्यंत यायला सांगा. समितीवरून नाव काढून घ्यावंसं वाटलं तर तेही समजण्यासारखं आहे, पण निदान हा एक अहवाल देऊन मगच काढा.

बालदिनाचं आमंत्रण मात्र नाकारा. ज्या संस्थेची तपासणी तुमच्याकडे आहे तिच्या व्यासपीठावर तुम्ही बसू नये, हार-शाल घेऊ नये, आणि हे फक्त याच संस्थेसाठी नाही, समितीवर असेपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक बालगृहासाठी पाळा. दोन ओळींचं पत्र पाठवा की सदस्य असल्यानं कार्यक्रमाला येता येणार नाही. त्या आठवड्यात समितीची भेट ठरवून घेता आली तर बघा. कार्यक्रमासाठी आणलेलं सामान, नवे कपडे, खाऊ नंतर मुलांकडेच राहिलं का, तेही त्या भेटीत विचारता येईल.